टॉवर नाही, घाट बंद, मग गाय वेळेवर भरवायची कशी?

मागच्या श्रावणातली गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, रतनवाडी-घाटघरच्या अंगाला एका वाडीत आजीबाईंची डांगी गाय सोमवारी सकाळी हंबरायला लागली. गाय माजावर आलीय हे आजीला तेव्हाच कळलं होतं, पण वाडीत टॉवर नाही. मंगळवारी दुपारी नातू खिंडीत चढून गेला तेव्हा कुठं मला फोन लागला. मी त्या दिवशी पार दुसऱ्या टोकाला, वरून पाऊस असला की समोरचा रस्ता दिसत नाही. बुधवारी दहा वाजता गोठ्यात पोचलो तर गायीच्या शेपटीला रक्ताचा वाळलेला डाग. म्हटलं, आजी, उशीर झाला, माज उतरलाय. आजी म्हणाली, आता एवढा भिजत आलायस डॉक्टर, तर भर ना तरी. (मी डॉक्टर नाही, कृत्रिम रेतन करणारा आहे, म्हणजे गोठवून ठेवलेलं वळूचं वीर्य गायीच्या गर्भाशयात सोडतो, त्यालाच गाय भरणं म्हणतात, पण वाड्यावस्त्यांवर सगळे डॉक्टरच म्हणतात, किती जणांना सांगणार.)

मी भरली नाही. भरली असती तर आजी खुश झाली असती, माझे पैसे झाले असते आणि गाय उलटली असती, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आली असती. चुलीतला कोळसा घेतला, गोठ्याच्या कुडावर एक रेघ मारली आणि सांगितलं की आजपासून सतरा दिवस मोजा, अठराव्या दिवसापासून गायीकडं डोळा ठेवा, आणि गाय नुसती अस्वस्थ वाटली तरी पोराला खिंडीत पाठवा, बळस (माजातला चिकट स्राव) दिसायची वाट बघू नका. विसाव्या दिवशी सकाळी सातला फोन आला, संध्याकाळी पाचला गाय भरली, ज्येष्ठात कालवड झाली.

लोक म्हणतात सिमेन (वीर्य) खराब, कांडी (वीर्य भरलेली बारीक नळी) खराब, डॉक्टरचा हात चांगला नाही. असेल, कधी कधी ते पण असतं, मी पुढं माझंच सांगणार आहे. पण आमच्या असल्या डोंगरी भागात गायी उलटतात त्या जास्त करून दोन कारणानं, एक म्हणजे माज दिसल्यापासून माणूस पोचेपर्यंत वाया गेलेले तास आणि दुसरं म्हणजे गायीचं रिकामं पोट. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आधी वेळेचं गणित

गायीचा माज साधारण २१ दिवसांनी येतो, १८ ते २४ मध्ये कधीही धरा. आलेला माज टिकतो १२ ते १८ तास. आणि गायीचं बीज (अंडं) सुटतं कधी, तर माज संपल्यावर पुढच्या दहा-बारा तासांनी. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं गाय ओरडती म्हणजे आत्ताच्या आत्ता भरा. सुटलेलं बीज जेमतेम सहा ते बारा तास कामाचं असतं आणि आपण सोडलेले शुक्राणू आत जाऊन तयार व्हायला काही तास घेतात, तिथं ते दिवसभर टिकतात. म्हणून फार लवकर भरली तरी फुकट आणि फार उशिरा भरली तरी फुकट. त्यातून जुना नियम आला की सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरा आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता हा नियम रस्त्याकडेच्या, दूध सेंटरवाल्या गावात एकदम सोपा आहे. पण जिथं माणूस यायलाच पंधरा तास लागतात तिथं नियम उलटा वाचायचा. म्हणजे खात्री करून मग फोन करायचा नाही, संशय आला की फोन करायचा. माजाच्या सुरुवातीलाच निरोप मिळाला तर मला बारा-चौदा तास मिळतात, तेवढ्यात मी कुठूनही येतो. आणि फोन करून नंतर कळलं की माज नव्हता, तर परत फोन करून सांगा येऊ नका म्हणून, मला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

सुरुवातीची लक्षणं काय तर गाय चारा टाकून उगाच इकडंतिकडं बघती, कान टवकारती, हंबरती, दूध थोडं चोरती, सारखं थोडं थोडं मुतती, दुसऱ्या गायींच्या मागं लागून हुंगती, त्यांच्यावर चढती. ही झाली सुरुवात. पक्का माज कधी, तर दुसरं जनावर तिच्यावर चढल्यावर ती हलत नाही, गपचिप उभी राहती. इथं एक घोळ हमखास होतो, रानात पोरगं बघतं की कपिली चढत होती आणि घरी येऊन सांगतं कपिली माजावर आहे. अरे बाबा, जी खाली उभी राहिली तिचं नाव सांग, माजावर ती आहे, चढणारी असेल नसेल. मग बळस, काचेसारखा स्वच्छ, शेपटीपासून खाली लोंबणारा, बोटात धरून ताणला तर तार तुटत नाही असा. निरण (योनीचं तोंड) सुजलेलं, आतून लालसर. बळस स्वच्छ हवा, त्यात पांढरे-पिवळे पुवाचे धागे दिसले तर गर्भाशयात घाण आहे, त्या माजाला भरायचीच नाही, आधी इलाज.

आणि रक्त दिसलं तर, आजीच्या गायीसारखं, समजा माज होऊन एक-दोन दिवस झाले. हे रक्त आजार नाही, कालवडींमध्ये तर नेहमी दिसतं. पण ते बघून भरायचं नाही, तारीख लिहायची.

आमच्याकडं गायी बांधून नसतात, दिवसभर रानात. म्हणजे माज बघणारा माणूस गोठ्यातला नाही, गुराख्याच्या मागचं पोर आहे नाहीतर घरची बाई, जी सकाळी शेण काढते आणि संध्याकाळी दावं बांधते. मीटिंगा लावतात, पत्रकं वाटतात, सगळी पुरुष मंडळी पुढं बसलेली असतात आणि जिला खरंच माहीत आहे ती मागं चहा करत असती. मी आता सरळ मावशीलाच विचारतो, गायीनं रात्री काय केलं. कारण जनावरं एकमेकांवर चढतात ते जास्त करून रात्री आणि पहाटे, दिवसा उन्हात काही दिसत नाही. झोपायच्या आधी एकदा आणि पहाटे उठल्या उठल्या एकदा, दहा-दहा मिनिटं गोठ्यात उभं राहून नुसतं बघायचं, बोलायचं नाही, चारा टाकायचा नाही. म्हशीच्या बाबतीत तर हे फारच लागतं कारण म्हैस मुका माज दाखवती, ओरडत नाही, चढत नाही, उन्हाळ्यात तर काहीच कळू देत नाही, तिच्यात फक्त बळस, दुधातला फरक आणि वरचेवर मुतणं यावर लक्ष ठेवावं लागतं.

रानातल्या कळपासाठी एक युक्ती सांगतो, खर्च शून्य. तेलात गेरू कालवून घट्टसर करायचा आणि ज्या गायीची तारीख जवळ आलीय तिच्या शेपटीच्या मुळाशी, वर पाठीवर, वीतभर लांब पट्टा ओढायचा. संध्याकाळी गाय घरी आली आणि पट्टा पुसलेला, केस विस्कटलेले दिसले तर दिवसभरात कोणीतरी चढलंय. मुसळधार पावसात टिकत नाही ते खरं, पण भादव्यापासून पुढं मस्त काम करतं.

कॅलेंडर, दुसरं काही नाही

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, बँकेचं फुकट मिळतं ते पण चालेल. गाय व्यायली ती तारीख, वार (जार) पडली का अडकली, पहिला माज कधी दिसला (भरायचा नसला तरी लिहायचा), भरली कधी, कोणत्या वळूची कांडी. माज लिहिला की तिथून पुढं अठराव्या दिवसावर खूण, चोविसाव्या दिवसावर खूण. मधले सात दिवस गाय लांबच्या रानात सोडायची नाही, घराजवळ चारायची. आणि बाजारच्या दिवशी मला भेटून सांगून ठेवायचं की अमक्या तारखेच्या आसपास आमची गाय येणार, मग मी त्या आठवड्यात तुमच्या बाजूचा फेरा धरून ठेवतो. असं सांगून ठेवणारी घरं माझ्याकडं मोजकी आहेत आणि त्यांच्याच गायी पहिल्या-दुसऱ्या खेपेला गाभण राहतात, आता ह्याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

वळूचा नंबर लिहायचा तो का तर प्रत्येक कांडीवर तो छापलेला असतो, जात असती, कोणत्या केंद्रात कधी भरली ते असतं. गायीची जी कालवड झाली ती तीन वर्षांनी भरायला आली तेव्हा तिला तिच्याच बापाची कांडी भरली गेली तर नात्यातलं रेतन झालं, वासरं कमकुवत निघतात. म्हणून रिकामी कांडी मागून घ्या आणि नंबर उतरवा. हक्कानं मागा, देणाऱ्याला राग येत असेल तर तिथंच काहीतरी गडबड आहे समजा. कानात पिवळा १२ आकडी बिल्ला मारला असेल तर भारत पशुधनवर नोंद होती, ती पण करून घ्या, पण कॅलेंडर सोडू नका, आमच्याकडं नेटच नाही तर नोंद उघडून बघणार कुठं.

व्याल्यावर किती दिवसांनी भरायची हे सारखं विचारतात. गर्भाशय जाग्यावर यायला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, त्यामुळं तिसाव्या दिवशी माज आला तरी सोडून द्यायचा. साठ दिवसांनंतरचा पहिला माज पकडायचा आणि नव्वदच्या आत गाय गाभण राहील असं बघायचं. वार अडकली होती, अवघड विण झाली होती तर आधी तपासणी, मग भरणं.

पोट रिकामं तर कांडी काय करणार

आमचा भाग भाताचा. सहा महिने गाय पेंढ्यावर आणि डोंगरातल्या वाळक्या गवतावर. भाताच्या पेंढ्यात प्रोटीन नाही, फॉस्फरस नाही, वरून त्यातलं ऑक्झलेट आहे तेवढं कॅल्शियम पण अडकवून ठेवतं. अशी गाय मार्च ते जून माजावर येतच नाही. लोक म्हणतात माजाचं इंजेक्शन द्या. अहो, शरीरालाच जड जातंय तर ते पिल्लाचा विचार कशाला करेल? गायीच्या बरगड्या लांबूनच मोजता येत असतील, पाठीचा कणा करवतीसारखा दिसत असेल तर त्या गायीला इंजेक्शन नको, खाणं पाहिजे.

करायचं काय, तर फार मोठं नाही. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण, म्हणजे मूठभर, सोबत थोडं मीठ, आंबोणात नाहीतर भिजवलेल्या कोंड्यात. पाकिटाच्या किमतीकडं बघून लोक नाक मुरडतात पण गाय एक माज चुकली तर २१ दिवस बिनदुधाचे वाढले, तो हिशोब कोणी करत नाही. जंताचं औषध पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, गोचीड काढणं. हिरवं काहीतरी रोज, उन्हाळ्यात पण, बांधावरची सुबाभूळ, शेवरी, हादग्याचा पाला, चार पेंढ्या का होईना. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करता येती, १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि हवा न लागू देता तीन आठवडे दाबून ठेवायचा, पण पहिल्या वेळी माहीतगार माणूस समोर असल्याशिवाय करू नका, माप चुकलं किंवा युरियाचं पाणी जनावर प्यायलं तर मरतं, आणि लहान वासरांना तो पेंढा द्यायचाच नाही.

कालवडीचं वय बघून भरू नका, वजन बघा. मोठ्या गायीच्या वजनाच्या साठ टक्के झालं की भरायची, संकरित असेल तर २५० किलोच्या आसपास. वजनकाटा कुठून आणणार, म्हणून शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजा, खांद्याच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत येतं. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर २७२-२७३ किलो. पोरं मोबाईलवर पटकन करतात, त्यांना मजा पण येती.

कोणाची कांडी भरायची

ह्याच्यावर माझी भांडणं होतात. तरुण पोरं येतात, एचएफ (होल्स्टीन, जास्त दुधाची परदेशी जात) भरा म्हणतात, संगमनेरला त्यांच्या मामाच्या गोठ्यात वीस-वीस लिटरची गाय बघितलेली असती. त्या मामाकडं मका आहे, मुरघास आहे, पंखा आहे, डॉक्टर दहा मिनिटांवर आहे. इथं पावसाळ्यात चार महिने चिखल, धुकं, गारठा. डांगीची कातडी तेलकट असती, पाऊस अंगावरून निथळून जातो, खूर काळे आणि टणक, चिखलणीला बैल दिवसभर चालतो. दूध कमी देती हे मान्य, दोन-तीन लिटर, पण जगती तरी. छोट्या चणीच्या डांगी कालवडीला एचएफची कांडी भरली तर वासरू मोठं होतं, विण अडते आणि रात्री दोन वाजता घाटात डॉक्टर आणायचा कुठून. दोन कालवडी मी अशा गेलेल्या बघितल्यात.

म्हणून माझं साधं म्हणणं, गाय चांगली डांगी असेल तर डांगीचीच कांडी, दूधवाल्या आयांच्या वळूची, आणि ती मिळती, आधी सांगून ठेवावी लागती एवढंच. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं तिथं जाऊन बघा चांगलं जनावर कसलं असतं. कुठल्याच जातीची नसलेली गावठी गाय असेल तर गीर, साहिवाल बघू शकता. जर्सी संकर त्यांच्यासाठी ज्यांच्याकडं बारमाही हिरवा चारा आणि डांबरी रस्ता दोन्ही आहे. कालवडीच होणाऱ्या कांड्या आल्यात, लिंगनिश्चित म्हणतात, साधारण दहात नऊ मादी वासरं होतात, पण त्यात शुक्राणू कमी असल्यानं गाय राहायचं प्रमाण पण कमी पडतं, त्यामुळं त्या धडधाकट कालवडीला नाहीतर पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गायीला, आणि माज अगदी वेळेवर सापडला असेल तरच. उलटणाऱ्या गायीला असली कांडी म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय आमच्याकडं बैल अजून लागतो, सगळ्यांना गोऱ्हा नकोच असतो असं नाही.

आणि एक, रानात दोन-तीन मरतुकडे गोऱ्हे मोकळे फिरत असतील तर तुम्ही कितीही कांड्या भरा, गाय परत त्याच गोऱ्ह्याकडून गाभण राहणार आणि नाव तुम्ही कांडीचं सांगणार. वाडीनं एक दिवस ठरवून सगळे नकोसे गोऱ्हे चिमट्यानं बडवून (खच्ची करून) घ्यायचे, सरकारी दवाखान्यात सांगितलं की येतात. हे एकट्यादुकट्यानं होत नाही, सगळ्या वाडीनं मिळून करावं लागतं, म्हणून तर होत नाही.

भरायला आलेल्या माणसाकडं काय बघायचं

हे मी माझ्याच पेशाच्या विरोधात लिहितोय, पण लिहितो. काम तसं जुनं आहे, आपल्या देशात १९३९ ला म्हैसूरच्या पॅलेस डेअरीत पहिल्यांदा झालं, आपल्याकडं उरुळी कांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी बाएफ ही संस्था काढली आणि दारात येऊन गाय भरायची पद्धत खेड्यापर्यंत पोचली. २०१९ पासून जिथं कृत्रिम रेतन ५० टक्क्यांच्या खाली आहे त्या जिल्ह्यांत फुकट भरून द्यायची केंद्राची मोहीम पण आली, मैत्री म्हणून गावातल्याच पोरांना तीन महिन्यांचं ट्रेनिंग देतात. तुमच्या वाडीतलं एखादं पोरगं त्याला पाठवा, बाहेरून येणाऱ्या दहा माणसांपेक्षा ते एक बरं.

तर बघायचं काय. कांड्या असतात उणे १९६ डिग्रीच्या द्रव नायट्रोजनमध्ये. तीन लिटरचा डबा गाडीला बांधून आम्ही फिरतो, उन्हात, खड्ड्यात, नायट्रोजन उडत राहतो. माझी चूक सांगतो. एका पावसाळ्यात दरड पडून घाट बंद झाला, नायट्रोजनची गाडी आली नाही, मी डब्यात काठी घालून बघितलीच नाही, असेल म्हणून चाललो. त्या पंधरवड्यात भरलेल्या सगळ्याच्या सगळ्या सात गायी उलटल्या. कांडी एकदा वितळून परत गोठली की मेलीच, पण दिसायला तशीच दिसती, गार लागती. तेव्हापासून दर सकाळी लाकडी पट्टी बुडवून बाहेर काढून हलवतो, जिथवर पांढरं धुकट बसतं तेवढा नायट्रोजन, चार बोटांच्या खाली गेला तर त्या दिवशी आधी भरून आणायचा, मग गायी. पोकळ नळी बुडवायची नाही, वरून फवारा उडतो, डोळ्यात गेलं तर संपलं. तुम्ही पण विचारा, डॉक्टर, पट्टी बुडवून दाखवा. विचारायला काय जातं.

मग कांडी काढताना कांड्यांची आतली डबी डब्याच्या मानेच्या वर उचलायची नाही, हवी ती एक कांडी चिमट्यानं पटकन काढायची, गप्पा मारत डबा उघडा ठेवून कांड्या चाळत बसणारा माणूस दिसला तर समजून जा. कांडी कोमट पाण्यात टाकायची, ३५ ते ३७ डिग्री, ३० सेकंद. मी थर्मास आणि छोटं थर्मामीटर बरोबर ठेवतो, कारण हाताला कोमट म्हणजे पावसाळ्यात गारठलेल्या हाताला पंचवीस डिग्री पण कोमटच लागतं. काही जण तोंडात धरतात, खिशात घासतात, तसल्यांना हाकलून द्या. बाहेर काढल्यावर कांडी कोरडी पुसायची, पाण्याचा थेंब पण शुक्राणू मारतो. मग कात्रीनं सरळ कापून गनमध्ये (भरायच्या लांब नळीत), वर शीथ (प्लास्टिकचं आवरण), आणि थंडीत गन शर्टाच्या आत छातीशी धरून गोठ्यात जायचं. वितळल्यावर दहा-पंधरा मिनिटांत काम झालं पाहिजे, म्हणून गाय आधी बांधून तयार पाहिजे. मी कांडी टाकतो आणि मग दादा गाय शोधायला रानात जातात, असं पण झालंय.

भरण्याआधी माणसानं हात घालून गर्भाशय तपासलं पाहिजे. कारण गाभण गाय पण कधीकधी माज दाखवती आणि तिच्यात गन गेली तर गाभ पडतो. आत गेल्यावर गर्भाशयाचं तोंड हाताला टणक लागतं, त्यात तीन-चार कड्या असतात, त्या ओलांडून लगेच, अगदी पुढ्यातच, हळूहळू सोडायचं, मनात पाच मोजत. जोरानं दाबून मोकळं होणारा माणूस घाईत आहे. निरण कोरड्या कापसानं नाहीतर कागदानं पुसायचं, बादलीनं पाणी मारायचं नाही. हातमोजा प्रत्येक गायीला नवीन. हे सगळं बघून करता येईल असं वाटून स्वतः गन घेऊन बसू नका, आत भोक पडलेल्या गायी बघितल्यात मी.

भरून झाल्यावर गायीला दिवसभर उपाशी ठेवतात, खाली बसू देत नाहीत, अंगावर गार पाण्याचे हंडे ओततात. काही गरज नाही. सावलीत बांधा, पाणी पाजा, चारा टाका, त्या दिवशी डोंगर चढवू नका, मारू नका, एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी पण माज कायम असेल तर परत फोन करा, काही गायींचं बीज उशिरा सुटतं, त्यांना दुसऱ्यांदा भरावं लागतं.

पंधरा गायी एका दिवशी

फारच आडबाजूला असलेल्या वाडीसाठी एक वेगळा रस्ता आहे. सगळ्या गायी औषधानं एकाच वेळी माजावर आणायच्या आणि एकाच दिवशी भरायच्या. पहिल्या दिवशी एक इंजेक्शन, तिथून सात दिवसांनी दुसरं, पुढं आणखी दोन दिवसांनी तिसरं आणि मग सोळा ते चोवीस तासांत, माज दिसो न दिसो, सगळ्या भरायच्या. म्हणजे माणसाच्या चार फेऱ्यांत काम, टॉवरची कटकट नाही. पण हे पशुवैद्यकानंच करायचं, माझ्यासारख्यानं नाही. त्यातलं एक औषध गाभण गायीचा गाभ पाडतं म्हणून प्रत्येक गाय आधी तपासावी लागती, आणि तेच औषध गरोदर बाईच्या किंवा दम्याच्या माणसाच्या अंगाला लागू द्यायचं नाही, ह्याची गोठ्यात आधीच ताकीद द्या. आणि परत तेच, हाडं निघालेल्या गायीवर हे चालत नाही. शिबिराच्या दोन महिने आधी खनिज मिश्रण आणि जंताचं औषध सुरू केलं तर उपयोग, नाहीतर फोटो काढण्यापुरतं शिबिर.

गाय तीनदा भरून पण उलटली तर चौथी कांडी भरायची नाही, तपासणी करायची. वेळ चुकतेय का, बळसात पू आहे का, खाणं काय आहे. सहाव्या महिन्यानंतर गाभ गेला असेल, आणि वाडीत असं एकापेक्षा जास्त गायींना झालं असेल तर ब्रुसेलाचा (गाभ पाडणाऱ्या संसर्गाचा) संशय घ्या, हा माणसाला पण होतो. पडलेला गाभ आणि वार उघड्या हातानं उचलू नका, कुत्र्याला टाकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. मादी वासरांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात ह्याची लस एकदाच द्यायची असती, दवाखान्यात विचारा.

फिल्डवर पहिल्या कांडीला दहातल्या तीन-चार गायी राहतात, त्यामुळं पहिल्यांदा उलटली म्हणून कोणाच्या नावानं खडे फोडू नका. एकविसाव्या दिवशी माज आला नाही म्हणजे गाभण, असं पण धरू नका, पोट रिकामं असलं तरी माज येत नाही. साठ ते नव्वद दिवसांत हात घालून तपासून घ्यायची आणि मगच कॅलेंडरवर विण्याची तारीख लिहायची. भरल्याच्या तारखेत नऊ महिने आणि वर एक आठवडा, १५ जूनला भरली तर २२ मार्चच्या आसपास. म्हशीला दहा महिने आणि वर पाच-सहा दिवस. त्या तारखेच्या दोन महिने आधी दूध काढणं बंद करायचं, आणि त्या शेवटच्या आठवड्यात रात्री बॅटरी चार्ज करून ठेवायची, कारण विण नेमकी लाईट गेल्यावरच सुरू होती.